मुकुंदाची मागची सीट

फोन आला तेव्हा मी शारजात अल मजाजच्या सिग्नलला पुढच्या गाडीवर हॉर्न मारत होतो. दिवा नुकता कुठे हिरवा झाला होता, पण स्वभावाला औषध नाही. फोनवर शुभदावहिनी होत्या. "भाऊजी, मुकुंद उठत नाहीये..." एवढंच म्हणाल्या. मग मागच्या साऱ्या गाड्या माझ्यावर हॉर्न मारू लागल्या आणि माझा ब्रेकवरचा पाय काही उचलेना. मुकुंद झोपेतच गेला होता. आता दोन महिने होत आले, तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. म्हणून लिहायला बसलोय. तेही दोनदा उठून झालं.

दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एकाच ऑफिसात आमची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी होती. तो पुण्याचा, मी डोंबिवलीचा. तो थंड, मी उतावळा. अशा त्या थंड माणसाने एके दिवशी शारजाच्या एका म्हाताऱ्या शर्यतबाजाकडून पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी आणली. लाल, लांबलचक नाकाची, सुरू केली की बेसमेंटमधल्या बाकीच्या गाड्यांचे अलार्म वाजवणारी. तरुणपणी ती ड्रॅग रेस पळायची. म्हणजे सरळ पट्टा, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा लागला की जी टोकाला आधी पोचेल ती जिंकली. वजन वाचावं म्हणून तिची मागची सीटसुद्धा उपटून टाकलेली होती. गाडीबरोबर मालकाने एक फोटो दिला होता, त्यात तिची पुढची दोन्ही चाकं हवेत होती. फोटो पाहून मी वेडापिसा झालो. मुकुंदाने काय केलं? लेक इरा तीन वर्षांची झाली तशी मागे छान सीट बनवून घेतली. काळं रेक्झिन, लाल शिवण, वर पट्टे. "अरे, वाघाला गोठ्यात बांधलंस की!" मी म्हणालो. तो नुसता हसला.

गाडीला एसी नव्हता, त्यामुळे ती फक्त थंडीत निघायची. सुट्टीच्या दिवशी खोर फक्कानला, समुद्रावर. पुढे मुकुंद आणि वहिनी, मागे इरा आणि मी, माझे गुडघे हनुवटीला लागलेले, मांडीवर पुरीभाजीचा डबा. मुकुंद उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमधून अशा बेताने चालवायचा की कोंबड्यांचे ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जायचे. मी मागून ओरडायचो, "दाब की रे, मुकुंदा!" आणि तो आरशात बघून म्हणायचा, "मागे माणसं बसलीत." इरा शाळेतून कॉलेजात गेली, माझे केस गेले, पण हे उत्तर काही बदललं नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला नवरा गेल्यावर इथे फार रेंगाळता येत नाही. वहिनींनी पुण्याला परतायचं ठरवलं. भांडी, कपाटं, सगळं मार्गी लागलं, राहिली ती गाडी. विकायचं काम माझ्याकडे आलं. दोघेतिघे येऊन सेल्फी काढून गेले. मग रशीद नावाचा इथलाच एक अरब तरुण आला. बॉनेट उघडलं आणि "माशाल्ला" म्हणत इंजिनावर ओणवा झाला. "मेरे बाबा ने इस गाडी को दौडते देखा है," तो म्हणाला. त्याला ती पुन्हा ट्रॅकवर उतरवायची होती. मी खूश! तेवढ्यात त्याने मागे बोट दाखवलं. "ये सीट खलास. वजन है, हबीबी."

इराबरोबर खाली गाडीपाशी आलेल्या वहिनी तिथेच थांबल्या. "मग नाही द्यायची."

"अहो वहिनी, तिकिटं काढून झालीत..." मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालू लागलो.

"ती सीट त्याने हौसेने केलीये, भाऊजी. ती काढणाऱ्याला गाडी मिळणार नाही."

रशीद कुणाकडे बघावं ते न कळून किल्ली हातात फिरवत उभा. तेव्हा इरा बोलली. "आई, बाबा ओन्ली ड्रोव्ह स्लो बिकॉज ऑफ मी." आम्ही दोघं बघतच राहिलो. ती सांगू लागली... बाबा तिला कधीकधी ड्रॅग रेस बघायला न्यायचा, आम्हाला मात्र मॉलमध्ये जातो म्हणून सांगायचा. कठड्याला टेकून उभा राहायचा आणि दिवा लागला की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. जोरात. दर वेळी. "दॅट सीट वॉज माइन, आई. आय'म ग्रोन अप नाऊ. लेट इट रन."

वहिनी तडक वर गेल्या. मला वाटलं, संपलं, फिसकटलं. पण त्या वाटी घेऊन खाली आल्या आणि परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर घालावं तसं रशीदच्या हातावर चमचाभर दही घातलं. त्याने ते चाटून टाकलं. "शुक्रन, आंटी."

"संभाल के," वहिनी म्हणाल्या आणि मग रडल्या. तोवर त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

सीट पुण्याला नेणं जमलं नाही, म्हणून ती माझ्या हॉलमध्ये आली. फारच बुटकी आहे, बसलो की गुडघे अजूनही हनुवटीला लागतात. बायको म्हणते, घरात एवढी एकच जागा आहे जिथे तुम्ही पाच मिनिटं टिकता.

परवा रशीदने व्हिडिओ पाठवला. मी सीटवर बसून तो लावला. दिवा लागला, लाल नाक उचललं गेलं, अगदी त्या फोटोतल्यासारखं, आणि गाडी सुटली. इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते डोळ्यांसमोर चाललं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हळू रे, मुकुंदा... मागे माणसं बसलीत."