फोनवरच्या बाईंचे रंग

रंगाच्या दुकानात फोनवर ऑर्डरी घेणाऱ्या बाई जन्मापासून आंधळ्या होत्या, हे गिऱ्हाइकांच्या गावीही नव्हतं. बारा वर्षांत त्यांनी सुचवलेल्या रंगाचा एक डबा परत आला असेल तर शपथ! आजारी सासूच्या खोलीला कुठला लावू, असं कुणी विचारलं की बाई सांगायच्या, "भडक नको हो. फिकट पिस्त्याच्या जवळपासचा घ्या, डोळ्यांना बरा." सगळी ऐकीव विद्या.

थोरले मालक थकले आणि दुकान पुतण्याकडे आलं. आंधळी बाई रंग विकते हे कळल्यावर त्यानं बाईंना बोलावून घेतलं. "बाहेर समजलं तर शोभा होईल आपली. उद्यापासून तुम्ही आत लेबलं चिकटवा."

बाईंना रडूच फुटलं. फोनवर त्यांचा जीव होता. पण डोळे पुसून म्हणाल्या, "आधी परीक्षा घ्या. मग काय ते ठरवा."

पुतण्यानं रंग कालवणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. पुतण्यानं तीन-तीन रंगांची नावं वाचायची. त्यातले जवळचे दोन मिस्त्रीनं रंगांची कार्डं बघून निवडायचे, बाईंनी नुसतं ऐकून. वीसपैकी सतरा वेळा दोघांचं जुळलं. मोरपंखी निळ्याजवळ की हिरव्याजवळ, यावर तर मिस्त्रीची आणि पुतण्याचीच जुंपली.

"न बघता कसं जमतं?" पुतण्या चक्रावला होता.

"तेच कोडं मलाही आहे," बाई म्हणाल्या. "जांभळा म्हटलं की डोक्यात चित्रबित्र काही येत नाही. पण निळा अगदी शेजारी असतो आणि पिवळा लांब. लोकांचं बोलणं ऐकून ऐकून बसले असतील आपापल्या जागी."

"पण लाल म्हणजे खरं काय, ते नाहीच ना कळणार?"

"नाही कळणार. वाईट वाटतं त्याचं. तुम्ही सांगा की, ऐकते मी."

पुतण्यानं लाल कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. "लाल म्हणजे... रक्ताचा. निखाऱ्याचा. माणूस चिडला की होतो तसा."

"आणि?"

त्यानं कार्ड उलटसुलट केलं. मिस्त्रीकडे पाहिलं. "कुंकवाचा," मिस्त्रीनं भर घातली.

"एवढं तर मला शाळेपासून ठाऊक आहे," बाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पुतण्याचा हात पुढे गेला, थांबला, आणि त्यानं रिसीव्हर उचलून बाईंच्या हातात दिला.