मेला म्हणून ठेवलेला व्हॉल्व

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आणि शेजारच्या घड्याळवाल्यालाही नाही, ज्याला वाटतं की माझ्या पोटातलं सगळं त्याला ठाऊक आहे. तुम्ही समोर बसलेले नाहीत, म्हणून जरा सोपं जातंय.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. रिसोडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि जुना, काचेच्या व्हॉल्वचा, म्हणजे इथल्या बोलीत वालाचा, रेडिओ बोलता करायचा तर आमच्या भागात माझंच नाव निघतं. का निघू नये? बाकीचे मिस्त्री रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचतात, तसाच दुसरा लावतात आणि मोकळे होतात. मी नाही. वर्षानुवर्षं तापून जुन्या रेझिस्टरची व्हॅल्यू बदललेली असते, पट्टे मात्र जुनीच सांगत राहतात. मी रेडिओच्या जोडणीचा नकाशा पाहतो, नवा मीटरवर मोजतो, जिथे तापणार तिथे जास्त वॉटचा घेतो — मगच सोल्डर. मोजल्याशिवाय लावत नाही, म्हणून लोक मला वाखाणतात.

पण पट्ट्यांवर माझा विश्वास का नाही — सांगू? मला त्यांचे रंग कळतच नाहीत. लाल आणि हिरवा मला एकच. टोमॅटो पिकला की नाही, ते मी दाबून सांगतो. तरुणपणी एसटीत ड्रायव्हर व्हायला गेलो, तर डॉक्टरांनी रंग तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं आणि परत पाठवलं. घरी सांगितलं, उंचीत बसलो नाही. मी हा असा ताडमाड माणूस — तरी कुणाला शंका आली नाही! मग हा धंदा शिकलो, नेमका रंगांचाच. हातात मीटर होता तोवर काय बिघडणार होतं?

जवळच्या रिठद गावचे गौतमराव, निवृत्त पोस्टमन, वडिलांचा रेडिओ घेऊन आले. एके काळी त्यावर बातम्या ऐकायला अर्धी वस्ती त्यांच्या अंगणात जमायची. आवाज फाटतो, एवढीच तक्रार होती. दोष मी लगेच पकडला. एक मेगाओमचा रेझिस्टर खराब झाला होता — तपकिरी, काळा, हिरवा. नवा मोजायला गेलो आणि मीटरचा सेल संपला. गौतमराव समोर स्टुलावर, त्यांच्या गाडीची वेळ झालेली. थांबा, सेल आणतो, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मी रुबाबात डब्यातून एक उचलला आणि लावून टाकला. तपकिरी, काळा — लाल. हजारपट कमी. रेडिओचा दिवा लागला आणि होता तो आवाजही गेला.

मला तिथेच कळलं. अगदी तिथेच — सोल्डर अजून गरम होतं. आणि मी काय बोललो?

"भाऊ, आवाजाचा वाल गेला. आता हा भेटत नाई कुठं."

गौतमरावांनी विश्वास ठेवला. मुका रेडिओ उचलला आणि गाडी गाठली. नंतर सेल आणून डब्यातले रेझिस्टर मोजले, खात्री झाली. बोलावून एक तुकडा बदलायचा होता, बस. पण बोलावून सांगणार काय — की तुमच्या मिस्त्रीला रंग दिसत नाहीत? दुकानाची पायरी कोण चढलं असतं? वर्षं गेली. बाजाराला आले की ते दारातूनच विचारायचे, वाल भेटला का. मी नाही म्हणून मान हलवायचो. दर वेळी.

मागच्या महिन्यात ते स्वतःच व्हॉल्व घेऊन आले. भाच्यानं हैदराबादच्या भंगारबाजारातून शोधून आणलेला, न वापरलेला, नवाकोरा. मला रिठदला घरी नेलं. मी गुपचूप चुकीचा रेझिस्टर काढला, खरा लावला — मोजून — आणि त्यांचा व्हॉल्व बसवला. तो तापला आणि काय वाजला म्हणता! फळीवरची भांडी थरथरली. अंगण भरलं, पेढे आले, माझ्या गळ्यात हार पडला. गौतमराव रडत होते आणि हसत होते. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. असं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

मग जुना व्हॉल्व तळहातावर घेऊन ते म्हणाले, "मिस्त्री, हा पक्का मेला हाय न?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण हार गळ्यात होता.

"पक्का," मी म्हणालो.

"मंग बाबाच्या फोटोजोळ ठेवतो. लय वर्सं बोलला तो."

ठेवलाय. परवा गेलो होतो तर रेडिओ जोरात चालू, आणि फळीवर फोटोजवळ तो व्हॉल्व — पुसून लख्ख केलेला, समोर ताजं फूल. त्यात काडीचा दोष नाही. तेव्हाही नव्हता.

उद्या सकाळच्या गाडीनं मी रिठदला चाललोय. नवा व्हॉल्व काढणार आणि फोटोजवळचा लावणार, गौतमरावांच्या समोर. अंगण भरलं तर भरू दे. तो जितका मोठ्यानं वाजेल तितका मी खोटा ठरेन. आणि तो वाजणारच — अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा.