पान एकशे शहात्तरच्या पुढे

देऊळघाटच्या विहारात वर्षावासाचा ग्रंथ गेली बावीस वर्षं पंचफुला वाचते. आषाढी पौर्णिमेला वाचन सुरू होतं आणि अश्विन पौर्णिमेला खीरदानाच्या दिवशी संपतं. गावात शिकलेल्यांची टंचाई आहे असं नाही. बी.ए. झालेले आहेत, डी.एड. झालेले आहेत, एक तर वकील आहे. पण त्यांनी ग्रंथ हातात घेतला की दहा मिनिटांत म्हातारे डुलक्या घ्यायला लागतात आणि बायांना घरची भाजी आठवते. पंचफुला सातवी पास. अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवण्यात आणि पोरांची नाकं पुसण्यात तिची सगळी नोकरी गेली. पण ती वाचायला बसली की कोणी खोकत नाही. खोकला आलाच तर बाहेर जाऊन खोकून येतात.

वाचणाऱ्यानं पदरचं घालू नये, हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. लिहिलंय ते वाचायचं, कमी नाही, जास्त नाही. घरोघरी पत्रं यायची त्या काळात अर्ध्या गल्लीची पत्रं तीच वाचून दाखवायची. एकदा रुख्मिणीच्या मुलाचं सुरतेहून पत्र आलं, की मला आता घराची ओढ राहिली नाही, वाट पाहू नका. पंचफुलानं ते तसंच्या तसं वाचलं. रुख्मिणी दोन वर्षं तिच्याशी बोलली नाही. लोक म्हणाले, जरा गोड करून वाचलं असतं तर तुझं काय गेलं असतं? पंचफुलाला ते पटलं नाही. आपण ध चा मा करायला लागलो तर उद्या चांगल्या बातमीवर तरी कोण विश्वास ठेवील, असं ती म्हणायची. रुख्मिणी वारली तेव्हा ते पत्र तिच्या उशाखाली निघालं. वाचता येत नव्हतं, तरी जपून ठेवलेलं. त्या दिवशी पंचफुला घरी येऊन जेवली नाही, आणि का जेवली नाही ते तिनं सुनेलाही सांगितलं नाही.

मागच्या श्रावणात एके संध्याकाळी वाचन आटोपल्यावर पुंजाजी फौजी विहारात मागे थांबला. बाहत्तर वर्षांचा, अजून काठीसारखा ताठ, पण काचबिंदूनं दोन्ही डोळे नेलेले. शेजारी त्याची बायको गोजरबाई. जयभीम झाला आणि त्यानं पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. एवढं मला वाचून दाखव, म्हणाला. अश्विन पौर्णिमा झाली की धम्मरत्न, त्यांचा मुलगा, त्या दोघांना पुण्याला नेणार होता. तिथं सगळे कामावर जाणार, वाचून कोण दाखवणार? देऊळघाट सोडायच्या आधी पुस्तक पुरं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीन वाजता पंचफुला त्याच्या ओसरीवर जाऊ लागली. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिलं पान होतं ते नऊ. नाव काय, लिहिणारा कोण, काही पत्ता नाही. गोष्ट मात्र अशी होती की पंचफुलानं जन्मात तसलं काही वाचलं नव्हतं. शनीच्याही पलीकडे भरकटलेलं एक यान आणि त्यात अडकलेले सहा फौजी. इंजिन बंद. पृथ्वीशी बोलायचा वायरलेसचा सेटही बंद, आणि तो काही आपोआप बंद पडलेला नाही. सहांपैकीच कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. कोणी आणि कशासाठी, हे कोडं. एकमेकांच्या ताटात जेवणारी माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली होती.

पंचफुला न अडखळता वाचायची, पण समजल्याशिवाय पुढे जायची नाही. निर्वात पोकळी म्हणजे काय, असं तिनं पुंजाजीला विचारलं.

"जिथं हाक मारली तरी आवाज जात नाई, ते," तो म्हणाला.

आठ-दहा दिवसांत पुस्तकानं तिघांनाही धरलं. गोजरबाई लसूण सोलता सोलता ऐकायची. तिचा संशय यानातल्या स्वयंपाक्यावर होता, कारण जेवण करणाऱ्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं, असं तिचं म्हणणं. पंचफुलाला कॅप्टनचाच राग आला होता. एवढा आरडाओरडा करणारा माणूस सरळ असूच शकत नाही. पुंजाजी कोणावरच संशय घेत नसे. तो फक्त ऐकायचा.

त्याची एक सवय पंचफुलाला पहिल्याच दिवशी खटकली. मुलानं त्याला पुण्याहून बोलणारं घड्याळ आणून दिलं होतं. त्यातली बाई 'चार बज गए हैं' म्हणाली की पुंजाजीचा हात वर जायचा. वाचन थांबायचं. पाच मिनिटं तो मान किंचित वाकडी करून बसायचा, गोजरबाईही लसणाची पाकळी हातात धरून गप्प व्हायची. मग तो म्हणायचा, चालू दे. पंचफुलाला वाटलं, डोळ्याच्या औषधाचं काही असेल किंवा ध्यान करत असेल. दुसऱ्याच्या घरातल्या सवयी विचारू नयेत, म्हणून ती गप्प राहिली.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना कोडं सुटलं. सेट बंद करणारा निघाला वायरलेसवालाच, चंद्रशेखर. त्याच बॅटरीवर श्वासाची हवा चालत होती. कॅप्टन सेट बंद करू देत नव्हता, आणि चालू ठेवला तर सगळे गुदमरले असते. म्हणून चंद्रशेखर गुपचूप सेट बंद ठेवायचा आणि दर तासाला पाचच मिनिटं उघडायचा. पण तेवढ्यात महादेव नावाचा जवान दुरुस्तीसाठी यानाबाहेर गेला आणि त्याची दोरी तुटली. त्यानं हाक मारली असेल का? मारली असेल तर सेट तेव्हा उघडा होता का? यानातल्या एका टेपवर सगळं उमटत असे, सेट बंद असला तरी. चंद्रशेखर ती टेप लावतो. पान एकशे शहात्तर. 'टेपवर आधी नुसती खरखर होती. मग'

पुढे काही नव्हतं. शिवणीचे चार दोरे लोंबत होते.

पंचफुलानं पुस्तक मिटलं. घसा बसला, उद्या वाचू, असं म्हणाली. हातात पुस्तक असताना ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

गोजरबाई तिला फाटकापर्यंत सोडायला आली आणि टेपवर काय निघालं ते आत्ताच सांगा म्हणाली, रात्रभर जीव टांगणीला कोण लावून ठेवील? पंचफुलानं खरं ते सांगितलं, की पुढची पानंच नाहीत. गोजरबाई हसली नाही. ती तिथंच दगडावर बसली आणि मग तिनं सगळं सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वी पुंजाजी बर्फातल्या चौकीवर होता. पाच जण होते. वायरलेसचा सेट त्याच्याकडे. धाड गावचा कचरू त्याचा जिवलग, आणि हे पुस्तक त्या कचरूचं. तो रोज सगळ्यांना दोन-चार पानं वाचून दाखवायचा. मग बर्फाचं वादळ आलं आणि चौकी नऊ दिवस जगापासून तुटली. बॅटरी पुरवायची कशी? पुंजाजीला पुस्तकातली युक्ती आठवली. सेट दर तासाला पाचच मिनिटं उघडायचा, बाकीचा वेळ बंद. कचरू रॉकेल आणायला खालच्या झोपडीकडे निघाला. त्याच्याजवळ बोलायचं छोटं यंत्र होतं. पोचलो की बोलतो, म्हणाला. तो पोचलाच नाही. त्यानं मधल्या पंचावन्न मिनिटांत हाक मारली होती का, हे कोणालाच कधी कळलं नाही.

"तवापासून दर तासाले पाच मिनिटं," गोजरबाई म्हणाली. "पोराच्या लग्नात मंगलगाथा थांबवल्या होत्या त्याईनं. म्या कवा काही म्हनलं नाई. तुमी जे वाचान, ते त्याईले खरं वाटन, बाई."

एवढंच बोलून ती आत गेली. असं वाचा, तसं वाचा, असं काही तिनं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पंचफुलाला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी पंचफुलाचं कशात लक्ष लागलं नाही. बावीस वर्षांत जिनं ग्रंथातला एक 'आणि'सुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता, तिनं आता अख्खा शेवट रचायचा? आणि तोही एका आंधळ्या माणसाला फसवून? पानं नाहीत असं सरळ सांगितलं तर ते खरं होतं. पण ते खरं घेऊन तो पुण्याला जाणार होता आणि कुठल्याशा चौथ्या मजल्यावर दर तासाला हात वर करून बसणार होता. तिला रुख्मिणीची उशी आठवली. साडेतीन वाजून गेले तेव्हा कुठं ती निघाली.

गावाबाहेर सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं, भुसा ओसरीपर्यंत येत होता. पंचफुलानं पुस्तक उघडलं, चष्मा चढवला आणि शिवणीच्या चार दोऱ्यांकडे बघत वाचायला सुरुवात केली.

"टेपवर आधी नुसती खरखर होती. मग महादेवचा आवाज आला. तो शांत होता. तो म्हणाला, चंद्रशेखर, तू सेट बंद ठेवला आहेस हे मला माहीत आहे. ठेवायलाच हवा होता. माझी दोरी तुटली आहे आणि इथवर आता कोणाचाही हात पुरणार नाही."

इथपर्यंत ते पुस्तकासारखं होतं. मग पुस्तकाची भाषा सुटली, आणि आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच कळेना.

"हे पाह्य, मी हाक मारून नाई राह्यलो. तू उगा कान लावून बसू नको. मले भेव नाई वाटत. इथून तुमच्या खिडकीतला उजेड दिसते. उजेड हाये म्हंजे तुमी समदे जित्ते आहा. बस, तेवढंच पाह्यजे मले. आता झोप बे."

ती थांबली. गोजरबाई डोळ्याला पदर लावून बसली होती.

"पान नाई उलटलं तू," पुंजाजी म्हणाला.

पंचफुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"पदरचं घातलं म्या, भाऊ," ती म्हणाली. "पुढं पानंच नाईत."

"मले माहीत हाये. म्याच फाडले ते."

मग पुंजाजीनं जे सांगितलं ते गोजरबाईलाही ठाऊक नव्हतं. वादळाच्या तिसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटेना. कोरडं म्हणून एवढं पुस्तकच होतं. पुठ्ठा जाळला, पहिली आठ पानं जाळली, मग कचरू म्हणाला, आता मागून फाड. शेवट माझा वाचून झालाय, रॉकेल घेऊन आलो की तुम्हाला तोंडी सांगतो. त्या पानांवर पाच जणांचा चहा झाला. चहा पिऊन कचरू गेला. पुढे पुंजाजीनं बुलडाण्याच्या वाचनालयात विचारलं, रद्दीवाल्यांकडे विचारलं, पण नाव माहीत नसलेलं पुस्तक मागणार तरी कसं?

पंचफुलाला आता थोडा रागच आला. तिनं कालपासून जिवाची घालमेल करून घेतली होती.

"मंग मले वाचाले काऊन लावलं?"

"चाळीस वर्सं झाले, मी शेवट रोजच वाचतो, पंचफुला," पुंजाजी म्हणाला. "टेपवर कचरू हाका मारते, अन माहा सेट बंद. तो शेवट बी पदरचाच हाये. कोन्या पुस्तकात नाई तो. दुसरं मानूस तिथं काय वाचते, ते आयकाचं होतं मले."

पंचफुलाला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. गोजरबाई उठली, नवऱ्याच्या पाठीवरचा भुसा झटकला आणि तो सगळा झटकून झाला तरी हात तिथंच ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात घड्याळातली बाई म्हणाली, चार बज गए हैं.

सवयीनं पंचफुला गप्प झाली. पुंजाजीचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर येऊन बसला.

"थांबली काऊन? वाच," तो म्हणाला.

"संपलं ना भाऊ पुस्तक."

"मंग पान नऊ काढ."

पंचफुलानं पदरानं चष्मा पुसला आणि पान नऊ काढलं. ती वाचू लागली तेव्हा चार वाजून एक मिनिट झालं होतं.