पडद्यावरच्या बाईंची विचारपूस

माणसाची विचारपूस करण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा इसम पंचगंगेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाची सोयरीक, दुखणं आणि सकाळचं कालवण त्यांना हातकणंगले यायच्या आत ठाऊक व्हायचं. कुरुंदवाडात गुळाचा व्यापार. मामी गेल्यावर हे दुकानातच डबा मागवून एकटे जेवायचे. साठीला टेकल्यावर त्यांना बी.ए. व्हायची हुक्की आली आणि सोबतीला म्हणून मलाही त्यांनी दूरशिक्षणाच्या वर्गात ओढलं.

दर रविवारी कोल्हापूरच्या अभ्यासकेंद्रात टीव्हीवर थेट तास असायचा. पुण्यात बसून अर्थशास्त्राच्या बाई शिकवायच्या. आम्हाला त्या दिसायच्या. त्यांना आमचा मात्र नुसता आवाज जायचा, तोही केंद्राची पाळी आली की माईकवरून, दोन मिनिटं. मामांना या प्रकाराचं भलतंच कुतूहल. पहिल्याच दिवशी त्यांनी गच्चीवर जाऊन उपग्रहाची तबकडी बघितली, तंत्रज्ञाला पिडपिड पिडलं आणि खाली येऊन म्हणाले, "बाई पुण्यात, आवाज आभाळात, तितनं परत कोल्हापुरात! एवढा हेलपाटा घ्यायचा तर सरळ एसटीनं का येईनात?"

बाई पडद्यावर आल्या की मामा टोपी सारखी करून उभे राहायचे. त्यांच्यासमोर शेंगा खाणं बरं दिसत नाही म्हणून पाठ फिरवून खायचे. त्यांना आपण दिसत नाही, हे सांगून काही उपयोग नव्हता. आणि कोल्हापूरची पाळी आली की माईक मामांकडेच. "जेवलासा का बाई?" बाई आधी गोंधळल्या, मग हसून उत्तर द्यायला लागल्या. भाजी कुठली होती इथवर गाडी यायची आणि आमची पाळी संपायची. परीक्षा तोंडावर आली तरी आमची चलनवाढ आहे तिथंच! पोरंपोरी वैतागली. शेवटी केंद्रप्रमुखांनी मामांचा माईक बंद केला.

मामा भांडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "आपल्याला बाई दिसत्यात. त्यांच्या म्होरं नुसती भिंत. भिंतीसंगं बोलून माणूस येडं हुईल की. कोन तरी हाय हितं, एवढं कळाय नको?" मला तेव्हा त्या माणसाची फार माया वाटली.

पुढच्या रविवारी मामा मागच्या बाकावर जाऊन बसले. शेंगांची पुडी सोडलीसुद्धा नाही. आमची पाळी आली, एका मुलीनं चलनवाढीचं विचारलं, बाईंनी छान समजावलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण बाई पुढच्या केंद्राकडे वळेनात.

"कोल्हापूर, आज मला जेवणाचं कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "काका आलेत ना? काका, तुम्ही जेवलात का?"

सगळा वर्ग मागे वळला. त्या मुलीनं धावत जाऊन माईक मामांच्या हातात दिला. मामा उभे राहिले, टोपी सारखी केली, काढली, पुन्हा घातली आणि पुन्हा सारखी केली. मामी गेल्यापासून त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"व्हय बाई, जेवलो," मामा अखेर म्हणाले. तोवर पाळी सांगलीला गेली होती.

मग ते खाली बसले आणि पडद्याकडे तोंड करूनच त्यांनी शेंगांची पुडी सोडली.