विंगेतला बाप

मास्तरांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला अजून शिसारी येते. "काय सज्जन माणूस हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात." हो ना! दाराची चौकटसुद्धा कुणाच्या अध्यात ना मध्यात नसते, पण तिला कुणी बाप म्हणत नाही.

मी थिएटरात कपडेपट सांभाळते. नवरा तिथेच सुतार होता, म्हणून सगळ्यांची मी वहिनी. मास्तर आमचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, आणि नट अडखळला की वाक्य पुरवायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी ते केलं. कोणता नट कुठे श्वास घेतो तिथे वहीत पेन्सिलीने टिंब केलेलं असायचं. श्वास लांबला की मास्तरांचे ओठ हलले! "प्रेक्षकाला ऐकू गेलं तर प्रॉम्प्टर मेला, वहिनी," असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. सव्वीस वर्षांत त्यांचा आवाज पहिल्या रांगेलाही कळला नव्हता. त्याचं त्यांना कोण भूषण!

घरी बायको नाही, एक लेक. ती माझ्या कपाटांमध्ये खेळतच मोठी झाली, मला मावशी म्हणते. पुढे ती नटी झाली, चांगली झाली. आणि गेल्या वर्षी आमच्याकडे ते जुनं नाटक पुन्हा उभं राहिलं. खानदानी सरदार, त्याची एकुलती लेक, तिच्याबद्दल गावात कुजबुज होते, बाप तिला कुणाबरोबर तरी बघतो, आणि अब्रूसाठी तिच्या छातीत सुरा खुपसतो. मग पाऊण पानाचं भाषण. लोक रडतात, टाळ्या वाजवतात. कुणासाठी? मारणाऱ्यासाठी! या जुन्या नाटकांतल्या पुरुषांची अब्रू कधी त्यांच्या स्वतःजवळ नसतेच मेली. लेकीकडे ठेवायला दिलेली, बायकोकडे ठेवायला दिलेली. हरवली की जीव जायचा तिचाच. मी प्रत्येक प्रयोगानंतर त्या लेकीच्या झग्यावरचा लाल रंग घासून काढायची आणि त्या लेखकाच्या नावाने बोटं मोडायची.

लेकीचं काम मास्तरांच्या लेकीला मिळालं. बापाचं काम करणाऱ्या नटाला आम्ही सरदारच म्हणायचो. त्याच्या मखमली कोटाच्या बगला मी पंधरा वर्षं धुतल्यात. वरून अत्तर, आतून कुबट. माणूसही तसाच.

एका सकाळी तालीम चालू होती. मी ओले कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. परत आले तर पोर कपाटामागे उभी, बाही उसवलेली, पाठीचे दोन हूक तुटलेले. पाणी पाजलं तेव्हा बोलली.

"सरदारने त्याच्या खोलीत अडवलं होतं मला, मावशी. ढकलून सुटले." मग उसवलेली बाही वर ओढली. "बाबा दारात आले होते."

"मग? धावले ना?"

"वही घेऊन आले होते, वाक्य बदललंय ते सांगायला. त्यांनी बघितलं. आणि दार ओढून घेऊन परत गेले."

देवाशपथ सांगते, सरदारची मला तेव्हा तेवढी किळस आली नाही जेवढी त्या ओढून घेतलेल्या दाराची आली.

ती तशीच मॅनेजरकडे गेली, मी बरोबर. मॅनेजर वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाला, "तो म्हणतोय ही खोटं बोलते, काम सुटावं म्हणून नाटकं करते. एक जण म्हणू दे की मी पाहिलं, आत्ताच्या आत्ता त्याला घालवतो." मास्तरांना बोलावलं. ते आले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मी काही पाहिलं नाही," म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

बाहेर जिन्यात मी त्यांची गचांडीच धरली. "लाज नाही वाटत? तोंडात मूग धरलेत?"

"हळू बोला, वहिनी. समजून घ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या लोक त्याला सोडतील आणि माझ्या लेकीकडे बोट दाखवतील. आमचं घर अब्रूदार आहे."

अब्रूदार! लेकीला त्या खोलीत टाकून दार लावून घेणारं घर अब्रूदार! निदान नाटकातला तो बाप स्वतःच्या हाताने सुरा तरी चालवतो. यांना तेही जमेना. यांनी सुरा दुसऱ्याला चालवू दिला आणि वर कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग. मी पोरीला म्हटलं, "जाऊ नकोस. आजारी पड." ती म्हणाली, "मी आले नाही की त्याचंच खरं ठरेल, मावशी." झगा चढवला. विंगेत बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, प्रयोग संपल्यावर मॅनेजर तुम्हाला पुन्हा एकदा विचारणार आहेत. मी त्यांच्याकडून तेवढं मागून घेतलंय. एकदा तरी माझ्यासाठी बोला." मास्तर वहीची पानं सारखी करत राहिले.

तिसरा अंक आला. सरदारने सुरा मारला, पोर पडली, लाल रंग पसरला. सरदार दोन पावलं पुढे आला, हात छातीवर ठेवला, तोंड उघडलं आणि गप्प. पार कोरा. थिएटर खच्चून भरलेलं, कुणी खोकतही नव्हतं. कपाळावरून घाम रंगात उतरला. डोळे हळूच विंगेकडे वळले.

मी समोरच्या विंगेत. मला मास्तर दिसत होते, बॅटरीच्या लाल उजेडात. मनात म्हटलं, बुडू दे मेल्याला. मास्तर, आज फक्त गप्प बसा. गप्प बसायला तर तुम्हाला छान येतं! पोरही जमिनीवर पडल्या पडल्या ऐकत होती. तिची बोटं ताठ झालेली मला इथून दिसत होती.

मास्तरांचे ओठ हलले.

सरदारला ऐकू गेलं नाही. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. त्याला पुन्हा कळलं नाही. तेव्हा मास्तर स्टुलावरून अर्धे उठले, मान पुढे काढली आणि चौथ्या रांगेला कळेल इतक्या खणखणीत आवाजात सरदारचं ते वाक्य म्हणाले, "मी बाप आहे! माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मी गप्प कसा राहू?"

पुढच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं.

मेलेली पोर उठून बसली. मग उभी राहिली. तो चिकट झगा दोन्ही हातांनी उचलून धरत ती सगळ्यांसमोर चालत विंगेत गेली. सरदार "अगं, अगं" करत राहिला. मी मागच्या बाजूने धावत तिकडे पोहोचले तेव्हा ती मास्तरांसमोर उभी होती.

"एवढा मोठा आवाज आहे तुम्हाला, बाबा," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

आणि मागच्या दाराने बाहेर पडली, भर दुपारी, छातीवर तो लाल डाग घेऊन. मॅनेजरकडे गेली नाही. घरीही गेली नाही, तेव्हापासून कधीच नाही.

तिच्या मागे जायला मी तिची चप्पल शोधत होते तेवढ्यात मास्तरांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला क्षणभर वाटलं, आला, माणूस ताळ्यावर आला.

"वहिनी," ते म्हणाले, "चालू प्रयोगात उठून गेली हो! आता काय अब्रू राहिली माझी?"

मी हात झटकला आणि त्यांच्या पायाशी थुंकले.