टोपी काढू नकोस

सोलापूरच्या स्टेशनावर गाडी सुटता सुटता मी धाकट्या भावाला दटावलं होतं, "टोपी मी माझ्या हातानं शिवलीय. कुणाच्या बापाला भिऊन काढायची नाही!" तो हसत म्हणाला, "व्हय गं अक्का." मग आम्ही नवराबायको बोटीनं विलायतेला गेलो. यजमानांना गिरणीनं नव्या मागांचं काम शिकायला पाठवलं होतं, आणि मी हट्टानं बरोबर निघाले होते.

तिथं पोचून जरा स्थिरावतो तोच गावाकडची बातमी आली. सोलापुरात लष्कराचा अंमल लागला होता. खादीची पांढरी टोपी दिसली की गोरे सोजीर ती काढायला लावत, न काढणाऱ्याला फोडून काढत. भावाला धरून नेलं, एवढंच कळलं. पुढं काहीच नाही.

माझं कशात म्हणून लक्ष लागेना. दूध उतू जायचं, मी खिडकीशी. कुठून ही अवदसा आठवली मला, पोराला शौर्य शिकवायची? रोज सिद्धेश्वराला साकडं घालायची, त्याला बुद्धी दे, टोपी काढू दे. टोप्या काय, छप्पन्न शिवता येतात.

अशातच एका सकाळी रस्त्यावर गलका ऐकू आला. गिरण्या बंद पडून बेकार झालेले विणकर मोर्चा घेऊन निघाले होते. यजमान म्हणाले, "आत ये. आपल्याकडं यांचं कापड जाळतात. तुझं लुगडं बघून कुणी काही बोललं तर?"

"बोलू दे की," म्हणत मी खाली उतरलेसुद्धा. मागून बिचारे हेही धावले.

बाया, म्हातारे, कडेवर पोरं. चेहरे आपल्या गिरणगावातल्यासारखेच ओढलेले. मला वाईट वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पोलीस दिसले. हात पाठीशी बांधून मोर्च्याबरोबर रमतगमत चालले होते! एक तर वाट करून द्यायला गाड्या अडवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच गोरे ना? मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलं होतं?

पुढं चौकात मोर्चा थबकला. पोलिसानं हात वर केला, आणि बघता बघता सगळ्यांनी टोप्या काढल्या. एकजात सगळ्यांनी. माझ्या डोळ्यांपुढं सोलापूर उभं राहिलं. "काढू नका रे!" मी मराठीतच किंचाळले आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातली टोपी हिसकून त्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. यजमानांनी माझा दंड धरला. "अगं, काय करतेस? समोरून प्रेत चाललंय. यांच्यात मान द्यायला डोकं उघडं करतात."

खरंच, काळी घोडागाडी हळूहळू पुढं गेली. धरणी दुभंगली असती तर बरं, असं मला झालं. पण म्हातारा रागावला नव्हता. यजमानांनी त्याला सोलापूरची हकीकत सांगितली. त्यानं टोपी सारखी केली आणि काहीतरी विचारलं.

"विचारतोय, मग तुझ्या भावानं काढली का?"

महिनाभर काढ म्हणून देवाला विनवणारी मी, फटकन म्हणाले, "सांगा त्याला, नाही काढली." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

वर्षभरानं परतलो. भाऊ तुरुंगातून सुटला होता, स्टेशनावर आला होता, सुकलेला, पण हातीपायी धड. मी त्याला कवटाळून रडले. मग लक्षात आलं, डोकं उघडं. तेव्हा बोडक्यानं कुणी रस्त्यावर फिरत नसे.

ट्रंक उचलता उचलता, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "काढली गं अक्का. पैल्याच तडाख्याला."

"लई बरं केलंस."

"तू तर म्हणाली हुतीस की..."

"मी मूर्ख होते. दुसरी शिवते तुला."

"नको. आता डोक्यावर काय ठेवूच वाटत न्हाय."

बाहेर ऊन रणरणत होतं. टांग्यात बसल्यावर मी माझा पदर ओढून त्याच्या डोक्यावर घातला. लोक बघत होते. त्यानं तो काढला नाही.