चुना लावलेला कोट

सॅम्पसन कॉन्टर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर इतकं धुकं होतं की शिंक आली तर नाक शोधायला माणूस पाठवावा लागला असता. एवढ्यात समोर दहा फुटी पांढरंफटक भूत हात पसरून उभं! त्याच्या काखेतून दुसरं भूत खेकसलं, "नवे मास्तर ना? टेकू नका, चुना ओला आहे!"

पहिलं भूत म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा दगडी क्रूस. दुसरं म्हणजे सॅम्पसन. शेतांच्या दगडी भिंती रचायचा, रविवारी चॅपलमध्ये प्रवचन द्यायचा. दर सप्टेंबरला तो क्रूसाला चुना फासायचा. क्रूसाच्या उजवीकडे गावाची वाट, डावीकडे दलदल. एका वर्षी बाप आजारी पडला, चुना राहिला, आणि थोरला भाऊ एमॉस बाजारातून येताना धुक्यात डावीकडे गेला, तो कायमचा. त्यानंतर सॅम्पसनने एकही सप्टेंबर चुकवला नाही.

मग क्रूस संरक्षित स्मारक झाला. भिंग घेऊन पुरातत्त्व खात्याचा एक साहेब आला.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच. झकास दिसतो ना?"

"अहो, खालची नक्षी गुदमरतेय!"

"साहेब, धुक्यात नक्षी कोणाच्या बापाला दिसते?"

साहेबाने तीन दिवस मऊ ब्रशांनी चुना काढवला. आतून करडा दगड निघाला, हुबेहूब धुक्याच्या रंगाचा. पुन्हा क्रूसाला चुना लावणार नाही, असं सॅम्पसनकडून लिहून घेतलं.

त्याची बहीण थिर्झा संतापली. "गुपचूप फास की! तिथे काय मेंढ्या चहाडी करणार आहेत?"

"सही केलीय गं. परवाच चॅपलमध्ये शब्द पाळण्यावर बोललो."

"तासभर बोललास! निम्मी माणसं झोपली होती, त्यांनी काही ऐकलेलं नाही."

पण सॅम्पसन बधला नाही. त्याने कागद पुन्हा वाचला. त्यात कोटाचा उल्लेख नव्हता. मग दर बाजाराच्या दिवशी, धुकं उतरलं की अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ जुन्या कोटाला चुना फासून क्रूसाजवळ हात पसरून उभा राहू लागला. शेवटचा माणूस उजवीकडे वळेपर्यंत हलायचा नाही. आम्ही पोट धरून हसायचो. "सॅम्पसन, कबुतरं बसतील हं!" असं ओरडायचो आणि मुकाट्याने उजवीकडे वळायचो.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी थिर्झा बाजाराला गेली. धुक्यामुळे परतीची बस निघालीच नाही, म्हणून ती मावसबहिणीकडे राहिली. घरी फोन नव्हता. सॅम्पसनच्या हिशेबी शेवटचा माणूस अजून यायचा होता.

सकाळी तो क्रूसाला पाठ टेकून बसलेला सापडला. थंडीने गेला होता.

कोटाचा चुना दगडाला लागला होता. तो पुसायला सोमवारी साहेबाचा माणूस येऊन गेला.